वारा आठ, डावीकडून

फौजी निवृत्त होऊन घरी आले आणि आमच्या घरात दोन वारे वाहू लागले. एक नेहमीचा, उसाच्या फडातून येऊन दोरीवरचं धुणं शेजाऱ्याच्या गोठ्यावर नेऊन टाकणारा. दुसरा मोबाईलमधला. त्यानं धूळ उडायची नाही की पत्रे वाजायचे नाहीत, पण त्याच्यापायी घरात जेवढी बोलाचाली झाली तेवढी पहिल्यापायी आजवर झाली नव्हती.

फौजी म्हणजे माझा नवरा. कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ‘फौजी’ अशी हाक मारली तर चार ओसऱ्यांवरून चार जण उठतील. ऊस आणि फौजी, दोन्ही आमच्या मातीला मानवतात. पण या लिखाणात फौजी एकच, ते माझे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत मी एरवी केव्हाच मोडली आहे. इथं पाळते, कारण पुढं त्यांची थोडी चेष्टा करायची आहे.

ते तोफखान्यात होते. तोफ चालवणाऱ्यांत नव्हे, तर लांब टेकाडावर बसून गोळा कुठं पडला ते बघणाऱ्यांत. वारा किती, लक्ष्य आपल्यापेक्षा वर की खाली, हवा थंड की गरम, हे सगळं धरून पुढचा गोळा किती पुढं किंवा मागं टाकायचा ते त्यांनी सांगायचं आणि मागं तोफेवरच्यांनी तसं करायचं. नोकरीची सगळी वर्षं ते कधी बर्फात, कधी वाळूत, आणि मी इथं. सासूबाईंचं आजारपण, उसाची तोड, मुलीची शाळा आणि गावच्या वाचनालयातली माझी अर्ध्या दिवसाची नोकरी, असं माझं माझं चाललं होतं. ते रजेवर यायचे ते पाहुण्यासारखे, आणि मीही त्यांना पाहुण्यासारखंच जपायचे. रोज काहीतरी गोड, आणि भांडणाचा विषय निघालाच तर तो पुढच्या रजेवर ढकलायचा. दुरून डोंगर साजरे म्हणतात. माझा डोंगर वर्षातून महिनाभर घरी यायचा, तेवढ्यात त्याचा साजरेपणा उतरायचा नाही.

मग तो डोंगर कायमचा अंगणात येऊन बसला. सासूबाई गेलेल्या, मुलगी सांगलीला नर्सिंगच्या कॉलेजात, होस्टेलवर. घरात आम्ही दोघंच. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि या माणसाला दुपारी झोप लागते की नाही हे मला माहीत नव्हतं. लागत नाही, आणि दुसऱ्याला लागलेली बघवतही नाही, हे मग कळलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सकाळचा चहा आपल्या ताब्यात घेतला. पहिल्या दिवशी चहा काकवीसारखा गोड. दुसऱ्या दिवशी साखर दाखवून काढून घेतल्यासारखा. तिसऱ्या दिवशी त्या दोन्हींच्या मधला, आणि चौथ्या दिवशी अगदी मला लागतो तसा. मी म्हटलं, एकदा विचारलं असतं तर पहिल्या दिवशीच जमलं असतं. त्यावर त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं की ही रीत आहे. पहिला गोळा मुद्दाम लक्ष्याच्या पलीकडं टाकायचा, दुसरा मुद्दाम अलीकडं. लक्ष्य मधे सापडलं की अंतर निम्मं-निम्मं करत आणायचं. याला ब्रॅकेट म्हणतात.

“तोफखान्यात लक्ष्याला कुणी इचारत न्हाई, तू कुठं हायस म्हून,” ते म्हणाले.

भाजीतलं मीठ, मोटरीचा टायमर, दारात आलेल्या माणसाशी किती बोलायचं, सगळं त्यांनी याच रीतीनं साधलं. पहिल्या पाहुण्याला त्यांनी सियाचीनपासून सगळं ऐकवलं आणि दुसऱ्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तिसऱ्याच्या वेळी जमलं, पण पहिले दोघं आमचे जवळचे होते.

मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण इतकी वर्षं एकटीनं चालवलेल्या घरात कुणी सकाळ-संध्याकाळ डब्यांच्या जागा बदलायला लागलं, की डोक्यावर मिरे वाटल्यासारखं होतं. त्यामुळं त्यांनी परत भरतीसाठी कागद दिल्याचं कळलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. आमच्याकडं निवृत्त फौजी घरी फार दिवस टिकत नाहीत. सैन्याच्या कोठारांवर पहारा द्यायला जुन्या जवानांना पुन्हा घेतात. परत वर्दी, परत बराक, परत वर्षातून एकदा रजा. गावातले निम्मे जातात. बोलावणं आलं तर फौजीही आणखी कितीतरी वर्षं बाहेर, नाही आलं तर इथं. जायचं त्यांच्या मनात आहे की नाही, याचा मात्र ते ताकास तूर लागू देत नव्हते. मीही विचारलं नाही. जा म्हणावं तर घालवून दिल्यासारखं, आणि राहा म्हणावं तर, खरं सांगायचं तर, राहावं असं मला तेव्हा वाटतच नव्हतं.

खेळ आणला मुलीनं. दिवाळीला आली तेव्हा बापाला फाटकापासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून फाटकापर्यंत फेऱ्या मारताना बघितलं आणि तिला दया आली. तिनं त्यांच्या मोबाईलवर गोल्फचा खेळ घालून दिला. पप्पा, यात वारा मोजायचा असतो, तुम्हाला जमेल, असं सांगून ती सांगलीला निघून गेली. तिचं काय, ती सुटली.

गोल्फ म्हणजे मोठ्या साहेबांनी हिरवळीवर छोट्याशा चेंडूमागं चालत जायचं, एवढीच माझी समजूत होती. फौजींनी छावणीत गोल्फ प्रत्यक्ष बघितला होता, म्हणजे त्याची हिरवळ कापली होती. मोबाईलमधला खेळ असा: आपला चेंडू इकडं, लांब तिकडं झेंडा लावलेलं भोक, मधे झाडं, वाळूचे खड्डे, पाणी. कोपऱ्यात एक बाण असतो, तो वाऱ्याची दिशा दाखवतो, आणि बाणाशेजारी आकडा, तो वाऱ्याचा जोर. चेंडू जिथं पडायला हवा तिथं एक गोल ठेवायचा. वारा असेल त्या मानानं तो गोल उलट्या बाजूला सरकवायचा, पडायची जागा आपल्यापेक्षा उंचावर आहे की खाली तेही धरायचं, मग बोट मागं ओढून सोडायचं. समोर कुठल्यातरी मुलखातला अनोळखी माणूस तेच करत असतो. कमी फटक्यांत ज्याचा चेंडू भोकात, तो जिंकला. प्रत्येक फटक्याला वेळ ठरलेला. वर एक पट्टी आखडत जाते, ती संपली की डाव गेला.

फौजी खुलले. घरात रेंज नाही, म्हणून संध्याकाळी ते गच्चीवर जायचे आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ताठ बसायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, पोक काढून मोबाईल बघणं त्यांना कधी जमलं नाही. फटका मारण्याआधी ते मोठ्यानं सांगायचे, “वारा आठ, डावीकडून. लक्ष्य खाली.” कुणाला सांगायचे कोण जाणे. गच्चीवर मी आणि वाळत घातलेल्या मिरच्या.

सुरुवातीचे दिवस ते रोज हरले आणि रोज समाधानानं जिना उतरले. हे कोडं मला उलगडेना. मग एकदा मिरच्या उलटवता उलटवता मी नीट पाहिलं. पहिला फटका त्यांनी मारला तो झेंड्याच्या बराच पलीकडं, झाडीत. तिथून दुसरा मारला तो अलीकडं, वाळूच्या खड्ड्यात. मग मान हलवून म्हणाले, “सापडलं.” तोवर समोरच्या माणसाचा चेंडू भोकात जाऊन त्याच्या नावाचे फटाकेही फुटून गेले होते.

“आवं, तुमच्या नोकरीत गोळं सरकारचं हुतं,” मी म्हटलं. “हितं परत्येक फटका आपल्या नावावर मांडत्यात.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. छावणीच्या भटारखान्यातून कुणी नकाशावर बोट ठेवायला आलं असतं तर त्यांनी तसंच पाहिलं असतं. दुसऱ्या दिवशी पहिला फटका सरळ झेंड्याकडं गेला. माझं बरोबर होतं असं कुणी म्हणालं नाही. आज वारा कमी होता, एवढंच ऐकू आलं.

तरी चेंडू थोडा बाजूला पडायचाच, आणि रोज एकाच बाजूला. फौजींनी आधी मोबाईलच्या काचेला दोष दिला, मग चार्जिंग कमी असण्याला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मिरच्यांना म्हटलं. पण मग माझ्याच लक्षात आलं. आमच्या गच्चीवर संध्याकाळी पश्चिमेचा वारा असतो, चांगला दणकून. खेळातला बाण बघून गोल सरकवायचा, आणि मग सोडण्याआधी फौजी एकदा मान वळवून पलीकडच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांकडं बघायचे. पाती कुठल्या तोंडाला फिरतायत ते बघून गोल आणखी बोटभर सरकवायचे. इतक्या वर्षांची सवय, अंगाला लागणारा वारा सोडून गोळा टाकायचा हे त्यांच्या हाताला पटत नव्हतं. कुठल्यातरी परदेशी हिरवळीवरचा चेंडू ते कडेगाव तालुक्यातल्या वाऱ्याच्या हिशेबानं मारत होते.

मी हसले. इतकी हसले की खाली रस्त्यावरून जाणाऱ्या बाईनं वर बघितलं. फौजी रागावले, पण कारण त्यांनाही पटलं. त्यांनी टाकीच्या आडोशाला बसून बघितलं, तर तिथं रेंज जायची. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. मला सांगितलं, तू पश्चिमेच्या बाजूला बस. म्हणजे मी आडोसा. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी पालथ्या पाटीवर बसून लसूण सोलायचे, नाहीतर घेवडा मोडायचे, आणि माझ्या पाठीवर कडेगावचा वारा झेलायचे, म्हणजे त्यांना दुसरा वारा नीट मोजता यावा. लोकांच्या बायका नवऱ्याबरोबर महाबळेश्वरला जाऊन वारा खातात.

जवळ बसलं की दिसतं, दिसलं की बोलावंसं वाटतं. बोटभर जास्त धरताय, असं मी म्हणायचे. तू खेळून दाव, असं ते म्हणायचे. आली अंगावर तर घेतली शिंगावर. मी माझ्या मोबाईलवर खेळ उतरवून घेतला. माझं माहेर तासगावकडचं, बेदाण्याच्या शेडांचं. द्राक्षं जाळ्यांवर पसरली की माल सुकेपर्यंत सगळं घर वाऱ्याकडं कान लावून बसायचं. वारा सुटला तर वडील म्हणायचे ढग आणतोय, पडला तर म्हणायचे माल काळा पडतोय. चांगला वारा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. पण वाऱ्यातली जाणकार म्हणवून घ्यायला मला तेवढं पुरेसं होतं.

मी फौजींपेक्षा वाईट हरले. त्यांचा चेंडू निदान कुठंतरी जाऊन पडायचा, माझा जागचा हलायचाच नाही. कारण वाऱ्याचं काय करायचं असतं हे आम्हाला माहेरी एकच शिकवलेलं: थांबायचं. जोराचा झोत आला की थांबायचं, जरा पडला की हात चालवायचा. मी गोल ठेवून, बोट टेकवून वारा पडायची वाट बघत बसायचे. पट्टी संपायची, डाव जायचा.

“आगं, त्यो वारा पडायचा न्हाई,” फौजी म्हणाले. “त्यो तसाच ऱ्हाणार. तूच काय ते करायचं.”

मला ते पटायला वेळ लागला. खरा वारा कधी ना कधी पडतो, हा मोबाईलमधला निर्लज्जासारखा आठवर उभा राहायचा. तर असे आम्ही दोघं. ते चूक करून बघायचे, मी थांबून बघायचे. परत भरतीच्या कागदांचंही तेच चाललं होतं, हे त्या गच्चीवरच माझ्या ध्यानात आलं. त्यांनी अर्ज टाकून बघितला होता आणि मी गप्प राहून बघत होते.

उंचीचं गणित मात्र त्यांनी मला शिकवलं. पडायची जागा वर असेल तर चेंडू आधीच टेकतो, म्हणून थोडं पलीकडं धरायचं, हे माझं मलाच कळलं होतं. खाली असेल तर काय, हे कळत नव्हतं. त्यांनी लसणाची एक कुडी हातात घेतली आणि ती आधी कट्ट्यावर टाकली, मग गच्चीवरून खाली अंगणात टाकली. खाली जायला तिला जास्त वेळ लागला. तेवढा वेळ वाऱ्याच्या हातात जास्त, तेवढी ती बाजूला जाणार. म्हणून खालचं लक्ष्य असलं की वारा आहे त्याहून मोठा धरायचा. मग त्यांनी डोंगरातली गोष्ट सांगितली. वर ते होते आणि खाली खोल दरीत लक्ष्य, आणि दरीतला वारा वरच्यापेक्षा वेगळा, आणि तिथून जवळच आपली माणसं होती, चूक झाली तर गोळा त्यांच्यावर. ती रात्र कशी गेली ते त्यांनी सांगितलं. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी इतकं सलग कधी बोलल्याचं मला आठवत नाही. लसूण सोलायचं राहून गेलं आणि भाजीला बिनलसणाची फोडणी पडली, ती त्यांनी निमूट खाल्ली.

असे दिवस जात होते. तोफखान्यातल्या त्यांच्या जुन्या सोबत्यांनी खेळात एक संघ काढला. कुणी पंजाबात, कुणी बिहारात, कुणी पार दक्षिणेत, सगळे निवृत्त, सगळे आपापल्या गच्चीवर. पंजाबातला एकजण त्यांचा म्होरक्या, तो फौजींना उस्ताद म्हणायचा. पहिला फटका मुद्दाम झाडीत घालवायचा नाही, हे फौजींनी सगळ्यांना समजावून दिलं, आपला शोध म्हणून. मी शेजारी बसून ऐकलं आणि लसूण सोलत राहिले. संघ जिंकायला लागला. आमची भांडणंही वाढली, पण ती वाऱ्यावरून. गोल साडेतीन बोटं सरकवायचा की चार, यावरून आम्ही जेवताना भांडायचो, आणि जेवण संपलेलं कळायचं नाही.

मला ते आवडायला लागलं होतं. दुपारी वाचनालयात पुस्तकं लावताना मी घड्याळाकडं बघते, हे मला जाणवलं, आणि माझाच मला राग आला. माणूस नसताना कसं राहायचं ते मी एकदा शिकले होते. फार कष्टानं शिकले होते. ते पुन्हा पहिल्यापासून शिकायची माझी तयारी नव्हती.

बोलावणं आलं ते भरदुपारी, फोनवर. त्यांनी जेवताना सांगितलं.

“आलंय बोलावणं. पुढल्या हप्त्यात हजर व्हायचं.”

“बरं झालं,” मी म्हटलं.

“व्हय,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनी भाकरीकडं लक्ष दिलं.

गावाला फार आनंद झाला. पेन्शन आहेच, वर पगार, आणि घरात बसून गंज चढायचा तेही टळलं, असं येणारा-जाणारा सांगून गेला. मुलीनं फोनवर विचारलं, आई, आता तुझं घर तुला परत मिळालं ना? मी म्हटलं, मिळालं बाई. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. फौजींनी माळ्यावरची काळी ट्रंक काढली, आतून-बाहेरून पुसली आणि उन्हात ठेवली. मी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. ते निघाले की चटणी कुटायची, हे हातांना पाठ होतं. कुटताना मात्र मुसळ जरा जोरातच पडत होतं. फौजी दारात येऊन उभे राहिले, काहीतरी बोलतील असं वाटलं, मग चटणी कमी तिखट कर म्हणाले आणि गेले. मी मुद्दाम तिखट केली.

ते जायच्या आधीच्या रविवारी संघाचा मोठा सामना होता. शेवटचा डाव फौजींवर आलेला. दोन्ही संघ बरोबरीत, आणि फौजींनी एक फटका नीट टाकला की जिंकले. मी माझ्या जागी, पश्चिमेला, पाटीवर. घेवडा मोडत होते. ट्रंक भरून खाली पडवीत ठेवलेली होती आणि आम्ही दोघंही तिच्याबद्दल बोलत नव्हतो.

शेवटची जागा वाईट होती. चेंडू कड्याच्या माथ्यावर, झेंडा खाली, चहूबाजूंनी पाणी. वारा मोठा, आडवा. फौजींनी नेहमीसारखं मोठ्यानं सांगितलं नाही. त्यांनी गोल ठेवला, डावीकडं नेला, परत आणला, परत नेला. पट्टी आखडायला लागली. मला वाटलं, उंचीचं विसरतायत. सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मोबाईलवरची नजर न काढता ते म्हणाले,

“मी जाऊ का ऱ्हाऊ?”

घेवड्याची शेंग माझ्या हातात तशीच राहिली. मी माहेरच्या सवयीनं थांबले. आता ते स्वतःच काहीतरी बोलतील, आता विषय बदलतील, आता हा झोत पडेल. त्यांनी मान वर केली. ते खरोखरच उत्तराची वाट बघत होते. त्यांचं बोट काचेवर तसंच टेकलेलं होतं.

“ऱ्हावा,” मी म्हटलं. “मला तुमी हितं पायजे हायसा.”

“मग आजपातूर का न्हाई बोललीस?”

“तुमी कवा इचारलं?”

ते नुसते बघत राहिले. मीही बघत राहिले. केव्हातरी मोबाईलनं एक बारीक आवाज केला, आम्हा दोघांचं लक्ष गेलं. पट्टी संपलेली होती. चेंडू कड्यावर जागच्या जागी होता आणि समोरच्याचे फटाके उडत होते.

“मग ऱ्हातो,” फौजी म्हणाले. मला वाटलं त्यांना सामना गेल्याचं कळलंच नाही. कळलं होतं. त्यांनी मोबाईल कट्ट्यावर पालथा ठेवला, माझ्या पुढ्यातला घेवडा आपल्याकडं ओढला आणि मोडायला लागले. शिरा न काढताच. त्या मी मागून काढल्या.

थोड्या वेळानं मोबाईल वाजला. पंजाबातला तो सोबती. तो एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मला बसल्या जागी ऐकू येत होतं. संघ हरला होता, आणि उस्तादसारखा माणूस फटका न मारता बसून राहतो म्हणजे काय, हे त्याला समजत नव्हतं. शेवटी त्यानं स्वतःच फौजींना सुटकेची वाट करून दिली. विचारलं, नेटवर्क गेलं होतं का?

फौजींनी माझ्याकडं बघितलं. हो म्हटलं असतं तर भागलं असतं.

“नहीं यार, नेटवर्क ठीक था,” ते म्हणाले. “घरवाली से कुछ पूछा था. जवाब सुन रहा था.”